हरणाबाईनं पोर उसनं दिलं

हरणाबाई तोंडाची फटकळ. जे बोलायचं ते तोंडावर बोलायची, आणि मग त्याच माणसाच्या हातावर भाकरी ठेवायची. आष्ट्याच्या शिवारात तिला ओळखत नाही अशी बाई नव्हती. दिवाळी सरली की वडूजकडचा माळ वाळून जातो. मग तिकडचे धनगर मेंढरं, घोडी, कुत्री, पोरंबाळं घेऊन कृष्णाकाठाला उतरतात. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. रानाला खत मिळतं, धनगरांच्या पोटाला जोंधळा मिळतो. त्यांच्या ह्या तळाला वाडा म्हणतात. भिंती नाहीत, दार नाही, दोन पालं आणि मेंढरांभोवती ओढलेलं जाळं, तरी वाडाच.

"काय हरणाबाई, औंदा लवकर आलासा?" मळ्यातली एखादी विचारायची.

"मेंढरांनी आणलं बया. तुझ्या आमटीच्या वासानं न्हाई आले," हरणाबाई म्हणायची, आणि बायका खुरपी टाकून हसायच्या.

वाड्यात कोकरांचं सगळं तिच्याकडं. दुबळं कोकरू डालग्याखाली लोकरीत ठेवायचं, आई जवळ घेईना तर तिच्या अंगाचा वास कोकराला चोळायचा, हे तिनं लहानपणापासून केलेलं. त्यातली काही जगायची, काही मरायची. मेलं की ती दिवसभर कुणाशी बोलायची नाही.

तिचं लग्न साटंलोटं झालेलं. म्हणजे हरणाबाई ज्योतिबाला दिली, आणि ज्योतिबाची बहीण सुलाबाई हरणाच्या धाकट्या भावाला, दादासोला केली. सुला तिची नणंद आणि भावजय दोन्ही. हरणाचा बाप बिराप्पा वाड्याचा कारभारी. दोन्ही घरांची मेंढरं एकत्र चरत.

पण त्या साली पावसाच्या तोंडाला ज्योतिबा आणि दादासो एका एडक्यावरून, कळपातल्या नर मेंढ्यावरून, भांडले. काठ्या निघाल्या. ज्योतिबानं आपली मेंढरं वेगळी काढलीच होती. तेव्हा म्हाताऱ्या बिराप्पानं दोघांना बिरोबाच्या देवळात नेलं. हरणाचे दिवस भरत आले होते, सुलाला नुकतंच राहिलं होतं. म्हाताऱ्यानं देवाचा भंडारा घेतला आणि दोघींच्या पोटाला लावला.

"ह्या कुशीत पोरगा आला आन् त्या कुशीत पोरगी, तर ती नवरा-बायकू. उलट झालं तरी तेच. बोला, देवाफुडं बोला."

दोन्ही बाप बोलले. ज्योतिबानं एडका दादासोला सोडला, आणि भांडण तिथंच मिटलं. त्यांच्यात असा शब्द म्हणजे लग्न लागल्यासारखाच. हरणाला पोरगा झाला. रडायला लागला की कुत्री उठून बसायची, म्हणून आजानं त्याचं नाव हंबीरराव ठेवलं.

सगळ्यांचं लक्ष आता सुलाच्या पोटाकडं. आठवा महिना लागला होता. लढाईची वर्षं, रॉकेल मिळत नव्हतं, पौषाची थंडी पडली होती. ज्योतिबा अर्धी मेंढरं घेऊन नदीपलीकडच्या एका रानात बसवायला गेला होता. त्याच दिवसांत सुला पाण्याची घागर घेऊन पाट ओलांडताना घसरली, आणि दुपारी पालात बाळंत झाली.

मुलगी झाली. हरणाच्या दोन तळहातांत मावली. अंगावर मऊ लव, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसाव्यात. रडली ती मांजराच्या पिल्लासारखी, आणि तेवढ्यानंच दमली.

"आठव्यातली हाय," सुला हळूच म्हणाली. "आठव्यातली ऱ्हात न्हाईत म्हंत्यात, वन्सं."

"म्हननाऱ्यांची तोंडं मोजत बसू नगंस. छातीशी धर तिला," हरणा म्हणाली.

तिनं निवडून मऊ लोकर आणली, जुन्या धोतराच्या फडक्यात पसरली, त्यात पोर गुंडाळली आणि सुलाच्या चोळीच्या आत, उघड्या अंगाला लावून ठेवली. ऊब मिळाली तशी पोरीचा रंग जरा सुधारला. एवढं हरणानं बरोबर केलं.

पुढं मात्र चुकलं. कोकरू जन्मलं की त्याच्या तोंडात पहिला चीक गेलाच पाहिजे, नाहीतर ते उभं राहत नाही, हे वाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण बाईचा चीक वाईट, तो पिळून टाकायचा, ही रीत. हरणाच्या आईनं तिचा टाकला होता, आजीनं आईचा. तसाच हरणानं सुलाचा पिवळा चीक स्वतःच्या हातानं भुईवर पिळला आणि वर माती लोटली. पोरीला कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी दिलं.

पांढरं दूध यायच्या वेळी सुलाचा ऊर दाटून दगड झाला. पोरीला छातीशी लावलं तर तिला तोंडच उघडता येईना. ओठ लागायचे, जीभ हलायची आणि मान कलंडायची. ओढणारं कुणी नाही म्हटल्यावर ऊर हळूहळू सैल पडत चालला. हातानं पिळलं तर दोन-चार थेंब.

"मेंढीचं देऊ या," हरणाच म्हणाली. "घट असतंय. अंग धरंल."

तिच्या मनात आणखी एक होतं, ते ती बोलली नाही. तिची स्वतःची चोळी दुधानं भिजत होती. पण तिचं दूध त्या पोरीच्या तोंडात गेलं, की हंबीरराव आणि ती एका दुधाची झाली. भाऊ-बहीण. मग देवापुढचा शब्द कुठला? म्हणून मेंढी.

मेंढीचं दूध पोरीला सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट फुगून टम्म झालं, घेतलेलं सगळं बाहेर आलं, आणि ती रडायचीही थांबली. दादासो आष्ट्याला पळाला आणि डॉक्टरांना सायकलवरून घेऊन आला. डॉक्टर वाकून पालात शिरले. पोरीचं पोट त्यांनी दोन बोटांनी दाबून पाहिलं.

"काय पाजलंत?"

"मेंढीचं दूद," हरणा म्हणाली.

"अहो, ते कोकराला. ही अजून आईच्या पोटात असायची पोर. हिला बाईचंच दूध पचेल, दुसरं काही देऊ नका. आज दुपारपर्यंत काहीच नको. मग थेंब थेंब. ही लोकर कुणी लावली? चांगलं केलंत, काढू नका."

"सांगलीला मोठ्या दवाखान्यात न्हेऊ का, सायेब?" दादासोनं विचारलं.

डॉक्टरांनी पेटी मिटली. "कोळशावर चालणारी मोटार. कधी सुटेल, कुठं बंद पडेल. ह्या थंडीत वाटेतच गार पडेल ती. आईचं दूध येऊ द्या, नाही आलं तर दुसऱ्या बाळंतिणीचं. तेच हिचं औषध आहे. माझ्या पेटीत तसलं काही नाही."

डॉक्टर गेले. दादासो हरणाकडं बघत राहिला.

"आक्का, तुजं हाय की."

"हाय."

"मग?"

"मग तुजा मेव्हणा काय करंल, ठावं हाय न्हवं?" हरणा म्हणाली. "शबुद मोडला तर त्यो मेंढरं घिऊन जाईल. म्या बी जाईन त्याच्या मागनं. तुमी हतं, आमी तितं. माजं म्हायेर मला दिसायचं न्हाई."

दादासो खाली बसला. त्यानं पोरीकडं पाहिलं नाही. त्याला पाहवेना. सुला मात्र सगळं ऐकत होती. "वन्सं, मी तुमाला काय बी म्हननार न्हाई," एवढंच ती बोलली.

हे ऐकलं आणि हरणा पालाबाहेर आली. बिराप्पा मेंढरांकडं गेला होता. घोडीच्या खोगिराशेजारी देवाची भंडाऱ्याची पिशवी टांगलेली होती. तिच्यापुढं ती उभी राहिली. हात जोडले. मागणं तिला सुचेना. आयुष्यात ती देवापुढं कधी काही मागायला उभी राहिली नव्हती, सांगायलाच राहिली होती. आजही तिनं सांगितलं, "शबुद मी मोडत्ये. आबा न्हाई, माजा नवरा न्हाई, ती दोन लेकरं न्हाईत. मी. काय करायचं त्ये मला कर." आणि ती आत वळली.

"ऊठ सुले. बस नीट."

दुपार कलल्यावर तिनं आधी स्वतःचं दूध वाटीत काढलं आणि बोळ्यानं पोरीच्या ओठांवर थेंब सोडला. थेंब तसाच राहिला. मग जिभेनं तो आत ओढला. गळा हलला. दुसरा थेंब. हरणा पोरीच्या पोटावर नजर लावून होती. फुगलं नाही.

"आता तुमचंच देत ऱ्हावा, वन्सं," सुला म्हणाली.

"आन् मी गेल्यावर? माजा नवरा आला की मी ह्या वाड्यात किती टिकत्ये ते बघ. तुजा पान्हा फुटला पायजे. ही वडत न्हाई, मग वडणारा आणू."

"कोण?"

"ह्यो की, तुजा जावाय." हरणानं हंबीररावाला उचललं. देवापुढनं आल्यापासून तिनं त्याला मुद्दाम उपाशी ठेवलं होतं. त्याच्या रडण्यानं पाल दणाणत होतं, आणि त्याच्या प्रत्येक हाकेला हरणाच्या चोळीवर ओल पसरत होती.

सुलानं त्याला घेतलं, छातीशी लावलं. हंबीररावानं एकदा तोंड लावलं, थबकला, मान मागं टाकली आणि पहिल्यापेक्षा मोठ्यानं किंचाळला. परका वास. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. सुलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

हरणानं अंगातली ओली चोळी काढली, वर नुसता पदर घेतला. ती चोळी सुलाच्या खांद्यावरून छातीपर्यंत अशी टाकली की पोराचं नाक तिच्यात बुडालं. कोकराला ती हेच करायची. हंबीररावानं हुंगलं. हुंदका दिला. आणि मग असा काही ओढायला लागला की सुला दात चावून कण्हली.

"दुकतंय, वन्सं."

"दुकू दे. सोडू नगंस."

"काय न्हाई त्यात. कोरडं हाय."

"त्याला कळतंय व्हय कोरडं हाय त्ये? त्यो वडतोय तवर बस."

हंबीरराव चिडला, ढुशा मारल्या, मुठींनी बडवलं. मध्येच सोडून आईकडं पाहिलं, ती तोंड फिरवून बसली होती. पुन्हा लागला. बराच वेळ गेला. बाहेर कुत्रं भुंकलं, दादासोनं गप्प केलं. तेवढ्यात सुला "आई गं" म्हणाली आणि दुसऱ्या बाजूला तिनं हात धरला. बोटांतून ठिपकलं.

"वाटी! वाटी धर, मेले!" हरणा ओरडली, आणि स्वतःच वाटी घेऊन पुढं झाली.

तळ झाकेल एवढंच जमलं. पण ते आईचं होतं.

तिथून पुढं वाड्याचा तोच उद्योग झाला. हंबीररावानं एका बाजूला ओढायचं, दुसऱ्या बाजूचं वाटीत धरायचं, हरणानं बोळ्यानं पाजायचं. पाजणं म्हणजे थेंब सोडून वाट बघणं. घाई केली की पोर निळी पडायची. एकदा तशी पडलीच. हरणानं तिला पालथी घालून पाठ चोळली, तेव्हा कुठं श्वास आला. त्यानंतर दादासोनं बोळ्याला हात लावायला साफ नकार दिला.

बिराप्पाला पहिल्याच दिवशी संध्याकाळी कळलं होतं. नातू सुनेच्या मांडीवर बघून तो पालाच्या तोंडाशीच उभा राहिला. मग काठी टेकून खाली बसला.

"मला इच्यारलं न्हाईस, हरणे."

"न्हाई, आबा."

"इच्यारलं असतंस तर नगं म्हनलो असतो." म्हाताऱ्यानं तोंडावरून हात फिरवला. "बरं झालं, न्हाई इच्यारलंस. देवाचं मी बगतो. ज्योतिबाचं तू बग."

पोरीच्या मनगटात हरणानं काळा दोरा बांधला होता, दृष्ट लागू नये म्हणून. पहिल्यांदा तो कोपरापर्यंत सरकायचा. मग मनगटातच राहू लागला. पुढं एके सकाळी बघितला तर खाली वळ उठला होता. हरणानं तो तोडून सैल बांधला आणि कुणाला बोलली नाही, बोललं की नजर लागते. गालाला गोलाई आली. आवाज वाढला. फक्त एक होईना. पोर छातीला लावली की चाटायची, दोनदा ओढायची आणि झोपायची. पोट भरायचं ते बोळ्यानंच.

आणि ज्योतिबा आला. हातात गुळाची ढेप होती, पोरगी झाल्याचं वाटेत कळलं म्हणून सुनेसाठी आणलेली. पाल उघडून बघतो तर बहिणीच्या अंगावर आपलं पोर.

कुणाला काही सांगावं लागलं नाही. त्यानं ढेप खाली ठेवली.

"कवापास्नं?"

"तुमी तिकडं हुतासा तवापास्नं," हरणा म्हणाली. "पोरगी मरत हुती."

"मला सांगावा धाडायचा."

"तुमी येस्तवर ती थांबली नसती."

"मंजी आता ही दोगं भाऊ-भन." ज्योतिबाचा आवाज चढला नव्हता, त्याचीच हरणाला भीती वाटली. "देवाच्या दारात तुज्या बापानं मला गप केलं. म्या एडका सोडला, शबुद घेतला. आता एडका बी त्यांच्याकडं आन् शबुद बी न्हाई. उद्या सकाळी माजी मेंढरं वायली. पोराला घिऊन तयार ऱ्हा."

"आवं, चार दिस थांबा. ती अजून वडत न्हाई. ह्यो गेला की सुलाचा पान्हा जाईल."

"एक दिस न्हाई."

"भाची हाय तुमची!"

सुलानं हंबीररावाला अंगावरून सोडवलं आणि भावापुढं धरलं. "घे आण्णा, तुजं पोर घे. लय दिलं त्यानं. माजं मी बगते." ज्योतिबानं हात पुढं केला नाही. तो वळून मेंढरांकडं गेला.

सकाळी घोड्यावर सामान चढलं. ज्योतिबानं आपली मेंढरं खुणेवरून निवडून जाळ्याबाहेर काढली. ती भुकेनं ओरडत होती, कुत्री त्यांच्याभोवती फिरत होती. तो वाटेच्या तोंडाशी काठी घेऊन उभा राहिला.

पालात सुला बसली होती. रात्रीपासून हंबीररावाला तिच्याकडं दिलं नव्हतं. तिचा ऊर भरला होता. हरणानं थोडं पिळून मऊ केलं आणि पोरीची मान हातावर घेऊन तिला लावलं. पोर चाटली. दोनदा ओढलं. थांबली.

"उठव तिला. तळवे चोळ."

तळवे चोळले. पोरीनं तोंड वाकडं केलं, पुन्हा लागली, पुन्हा गळाली. दूध ओठाच्या कोपऱ्यातून खाली ओघळलं. हरणाच्या कमरेवर हंबीरराव धडपडत होता. त्याला वास लागला होता. तो सुलाकडं झेपावला, आणि हरणानं आवळून धरला तसा गळा काढून रडायला लागला.

"ह्याला भाईर न्हेत्ये," हरणा म्हणाली.

"नगा!" सुला ओरडली. "ऱ्हाऊ द्या वन्सं. रडू द्या. बगा."

त्याच्या रडण्यानं सुलाचा पान्हा आपसूक सुटला होता. धार पोरीच्या तोंडात गेली. ती दचकली, ठसकली. पोरीनं गिळलं. मग पुन्हा तोंड लावलं, ह्या खेपेला पुरतं उघडून. गाल आत गेले. थांबली. हरणा वाट बघत होती मान कलंडायची. गाल पुन्हा आत गेले. आणि गिळल्याचा आवाज आला, छोटा, पण त्या सगळ्या कोलाहलात हरणाला ऐकू आला.

कुणी हललं नाही. हंबीरराव रडून रडून हुंदक्यावर आला, तरी पोर ओढतच होती. मध्ये विसावायची, सुला तळव्याला बोट लावायची, पुन्हा ओढायची. बाहेर ऊन चढलं. मेंढरांनी ओरडून ओरडून आभाळ डोक्यावर घेतलं होतं. एवढी उपाशी मेंढरं उन्हात उभी करून ठेवणारा ज्योतिबा नव्हता. पण पालाच्या दिशेनं त्याची एकही हाक आली नाही.

पोर आपणहून सुटली. ओठावर दूध, डोळे मिटलेले. सुलानं छाती चाचपून पाहिली. "मऊ पडली," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

हरणानं वाटी आणि बोळा सुलाच्या उशाशी ठेवला. "दोन-चार दिस वरनं बोळ्यानं बी दे. घाई करू नगंस. लोकर बदल." मग ती उठली. बापाच्या पाया पडली. बिराप्पानं तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि तोंड फिरवलं. दादासो पलीकडं जाळं गुंडाळत होता, तो जवळ आलाच नाही.

ती वाटेवर आली. ज्योतिबानं मेंढरं हाकली. शिवार संपलं, ओढा आला. मेंढरं पाण्यावर पसरली, तेव्हा तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "पिली?"

"पिली."

"पोटभर?"

"दमून झोपंस्तवर."

त्यानं पागोटं सोडलं, पुन्हा बांधलं. मग हंबीररावाला तिच्या कमरेवरून काढून खांद्यावर घेतला.

"औंदा मागं फिरायचं न्हाई," तो म्हणाला.

"मी कुटं म्हनलं फिरा?" हरणाबाई म्हणाली. मागं राहिलेलं एक कोकरू तिनं उचललं, आणि ओढ्यात उतरली.